तिसरा फोटो, तेच दात

वेब पेज बनवायला मी शिकलो तो क्लास भाईंदर स्टेशनसमोर, एका साडीच्या दुकानाच्या वर होता. एकदा सर म्हणाले, "पानावर फोटो टाकला की त्याला 'ऑल्ट' द्यायचा. फोटोत काय आहे ते शब्दांत लिहायचं. स्क्रीनवर ते दिसत नाही. पण अंध लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये बोलणारं सॉफ्टवेअर असतं, ते हा मजकूर वाचून दाखवतं." मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "सर, आंधळा माणूस इंटरनेटवर बघणार काय?" वर्ग खो-खो हसला. सरही हसले.

ते विचारणारा मी होतो. त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

पुढे वर्षभरात मी 'वेब डिझायनर' झालो, म्हणजे तसं कार्ड छापून घेतलं. पहिलं मोठं काम मिळालं ते जेसल पार्कमधल्या एका काकूंचं. त्या घरच्या हॉलमध्ये वधू-वर सूचक मंडळ चालवायच्या. दर रविवारी सकाळी हॉलभर आईबाप, चपलांचा ढीग, टेबलावर दोन जाडजूड फाइली, एक मुलांची, एक मुलींची. त्या फाइली इंटरनेटवर चढवायच्या होत्या. "परदेशातली मुलं बघतील रे," काकू म्हणाल्या. परदेशातल्या एकाही मुलाने त्या कधी बघितल्याचं मला आठवत नाही.

काकूंनी मला पिशवीभर फोटो दिले. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने नोंदणी क्रमांक. मी ते स्कॅन केले आणि पहिल्याच आठवड्यात एका मिशाळ इंजिनीअरच्या माहितीला हिरव्या शालूतली मुलगी चिकटवली. काकूंनी फोनवर माझी सालटी काढली. तेव्हा मी ठरवलं की प्रत्येक फोटोची एक खूण आपल्यापुरती लिहून ठेवायची. आणि ती लिहायला आयती जागा होती. ऑल्ट रिकामा ठेवला की माझं पानं बनवायचं सॉफ्टवेअर लाल रेघ मारायचं. खूण तिथे लिहिली की रेघही जायची. एका दगडात दोन पक्षी मारले म्हणून मी खूश.

सुरुवातीला खुणा सज्जन होत्या. 'निळी साडी.' 'हातात फाइल.' मग दिवसभर एकटा बसून फोटो चिकटवणाऱ्या माणसाचं होतं तसं झालं. 'काश्मीर मागे, स्टुडिओ मात्र मीरा रोड.' 'मिशी उसनी.' 'मागचा फ्रिज यांचाच.' 'गेली चार वर्षं एकोणतीस.' एकेक लिहायचो आणि खुर्चीत एकटाच खिदळायचो. आईला वाटायचं, पोरगा कामात किती रमलाय.

एकच अडचण आली. माऊसचा बाण फोटोवर नेला की ऑल्टचा मजकूर पिवळ्या चौकटीत उमटायचा. मी दोन दिवस खपून त्याचा छडा लावला. 'टायटल' नावाची दुसरी एक पट्टी असते, ती जोडली की बाणाखाली ती दिसते, ऑल्ट लपतो. प्रत्येक फोटोला मी ती जोडली आणि तिच्यात नुसता नोंदणी क्रमांक घातला. काकू म्हणाल्या, "वा, बाण नेला की नंबर! हुशार आहेस हं." हे मी मुद्दाम सांगतोय. चुकून राहिलं, नजरचुकीने झालं, असं म्हणायची वाट मी स्वतःच्या हाताने बुजवली होती.

एका रविवारी काकूंनी नवा फोटो दिला. काळ्या चष्म्यातला, तिशी ओलांडलेला माणूस. "इंद्रलोकमध्ये राहतो, भाऊ-वहिनीपाशी. बँकेत टेलिफोन ऑपरेटर आहे. दिसत नाही त्याला. आपल्याकडे जमणं कठीण, पण घे टाकून." घरी येऊन मी त्याच्या ऑल्टमध्ये लिहिलं: 'काळा चष्मा. आंधळा. पुढे चला.' बसच्या कंडक्टरच्या चालीवर. त्यालाही मी हसलो असणार.

दोनेक महिन्यांनी, सोमवारी सकाळी काकूंचा फोन आला.

"अरे, काल त्या इंद्रलोकच्या मुलाने माझी अब्रू घालवली! बेव्हर्ली पार्कातलं स्थळ दाखवलं होतं त्याला. चांगली पदवीधर मुलगी, नोकरी करते, याला दिसत नाही तरी भेटायला तयार झाली. आणि हा काय म्हणावा? हातात पोह्यांची डिश, समोर मुलीचे आईबाप, आणि हा मुलीला म्हणतो, 'तुमच्या दातांबद्दल लिहिलंय ते मी वाचलं. मला त्याची काही अडचण नाही.'"

मी चहाचा कप खाली ठेवून कॉम्प्युटर चालू केला.

"वडिलांनी विचारलं, कुठे लिहिलंय? तर म्हणे मंडळाच्या साइटवर. त्यांच्याकडे कॉम्प्युटर आहे, तिथल्या तिथे उघडला. वडिलांनी बघितलं, आईने बघितलं, याच्या वहिनीने बघितलं. काही नाही! वडील भडकले. म्हणाले, वर खोटंही बोलता? मुलगी उठून आत गेली. मी येत्या रविवारी बोलावलंय त्याला. फॉर्म हातात देणार आणि सांगणार, बाबा, आता दुसरं मंडळ बघ. पण तू एकदा नीट पाहा हं. असं काही कुठे लिहिलेलं नाही ना?"

त्या मुलीचा फोटो मला पाठ होता. त्याच्या आधी तिचे आणखी दोन फोटो आले होते, आणि दोन्ही वेळा 'नवीन पाठवतोय, तो लावा' असा निरोप आला होता. तिसरा लावताना मी लिहिलं होतं: 'तिसरा फोटो, तेच दात.'

मी पान उघडलं. स्क्रीनवर साडीतला फोटो, नोंदणी क्रमांक, शिक्षण, उंची. मी म्हटलं, "काकू, पानावर असं एक अक्षर नाही."

"तेच म्हणते मी," काकू म्हणाल्या.

या वाक्यात खोटं काही नव्हतं, हे मी पुढचे तीन दिवस स्वतःला पटवत होतो. फोन ठेवल्यावर मी जेवलोसुद्धा नाही, एका बैठकीत दीडेकशे फोटोंचे ऑल्ट पुसून तिथे क्रमांक घातले आणि नवं पान चढवून दिलं. मग जेवलो. आमटीला चव होती.

गुरुवारी त्याचा फोन. माझा नंबर त्याला पानाच्या तळाशी मिळाला होता. साऱ्या साइटवर नीट, नियमाप्रमाणे लिहिलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे माझी स्वतःची जाहिरात.

"साहेब, माझा कॉम्प्युटर बिघडलाय असं वाटतंय. गेल्या आठवड्यापर्यंत तो फोटोंची माहिती वाचायचा. आता नुसते नंबर वाचतो. घरचे म्हणतात, तू मनाचंच बोललास. रविवारी मला काकूंकडे जायचंय. त्याआधी येऊन बघाल का एकदा?"

नाही म्हणता आलं असतं. पण मला वाटलं, जाऊन त्याच्याच सॉफ्टवेअरवर ढकलून देऊ म्हणजे प्रकरण कायमचं मिटेल. रिक्षात बसल्या बसल्या मी वाक्यही जुळवलं: 'हे सॉफ्टवेअर जुनं झालं की भलतंसलतं वाचतं, त्यात तुमचा काही दोष नाही.' त्यात तुमचा काही दोष नाही, हे शेपूट मला फारच उदार वाटलं.

दार वहिनीने उघडलं. आत नेता नेता हळूच म्हणाली, "तुम्हीच समजवा भावजींना. चुकलं म्हणा आणि मोकळे व्हा, असं आम्ही चार दिवस सांगतोय. ऐकत नाहीत."

तो टेबलापाशी बसला होता. कॉम्प्युटर चालू होता आणि स्क्रीनवर अभ्रा घातलेला होता. "तुमच्यासाठी स्क्रीन लावतो," म्हणून त्याने अभ्रा काढला, घडी केली, बटण दाबलं. मी माझं वाक्य काढायच्या बेतात होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "जुनं पान लावतो. ते बरोबर वाचतोय, नवं वाचत नाही. दोन्ही ऐकलंत की तुम्हाला कळेल."

"जुनं पान?"

"मी पान उतरवून ठेवतो ना कॉम्प्युटरवर. इंटरनेट चालू असलं की फोन अडकतो, मग वहिनी ओरडते. म्हणून पान घ्यायचं, फोन सोडायचा आणि मग सावकाश वाचायचं. गेल्या महिन्याचं आहे माझ्याकडे."

त्याने कळ दाबली आणि कॉम्प्युटर बोलायला लागला. मी लिहिलं होतं ते इंग्रजी अक्षरांतलं मराठी. ते एखाद्या गोऱ्या साहेबाने जबरदस्तीने वाचावं तसं, एका सुरात, न थांबता. त्याला ती भाषा सवयीने कळत होती. मला लिहिणारा म्हणून कळत होती. काश्मीर मागे. मिशी उसनी. 'मागचा फ्रिज यांचाच' आलं तेव्हा दारात उभी असलेली वहिनी फस्सकन हसली, आणि मग एकदम गप्प झाली, कारण पुढचं वाक्य होतं: काळा चष्मा. आंधळा. पुढे चला.

"हा मी," तो म्हणाला. "हे ऐकलं तेव्हाच माझा विश्वास बसला, साहेब. बायोडेटामध्ये सगळ्या मुली गोऱ्या, सगळ्या मनमिळाऊ. वहिनी वाचून दाखवते, ती तर गाळून वाचते."

"मी काय गाळलं?" वहिनी म्हणाली.

"मुलीचा पगार माझ्याहून जास्त असला की गाळतेस."

"ते तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, भावजी."

"तेच तर. इथे मला कोणी तोंडावर आंधळा म्हटलं. म्हटलं, हे लोक खरं लिहितात. सगळ्यांना डोळ्यांनी दिसतं तेवढं मलाही सांगायची सोय केलीय. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला न विचारता माझी माझी स्थळं बघितली." तो बाणाची कळ दाबत खाली खाली जात होता. "आणि ही ती बेव्हर्ली पार्कची. ऐका."

साहेबाने वाचलं. तिसरा फोटो, तेच दात.

वहिनी भिंतीला टेकली. "अगं बाई. म्हणजे आहे की लिहिलेलं."

"आता सांगा," तो माझ्या दिशेने चेहरा करून म्हणाला, "बिघाड कशात आहे?"

मी तोंड उघडलं. "सॉफ्टवेअर जुनं झालं की..." तो मन लावून ऐकत होता, शिकून घ्यायला बसल्यासारखा. त्याला माझा चेहरा दिसत नव्हता. वहिनीला दिसत होता. बेशरम माणसालाही कुठेतरी धाप लागते, ती मला तिथे लागली.

"ते मी लिहिलंय," मी म्हटलं.

"मंडळाने सांगितलं म्हणून?"

"नाही."

"मग?"

"गंमत म्हणून."

त्याने कळीवरचं बोट काढलं. मग खरंच कळत नसल्यासारखं त्याने विचारलं, "पण ते कोणाला दिसतच नाही ना? मग गंमत कोणाची?"

"माझीच."

"म्हणजे तुम्ही एकटेच लिहीत होतात," तो म्हणाला, "आणि मी एकटाच वाचत होतो."

त्याने खण उघडून एक जाड कागद काढला. त्यावर ब्रेलचे टिंब होते. त्यावरून बोट फिरवत तो म्हणाला, "अकराजणींना मी नकार कळवलाय. वहिनी म्हणत होती, अहो भावजी, मुलगी बरी आहे. मी म्हणायचो, तुला नाही कळत, मी वाचलंय."

वहिनीचा आवाज चढला. "आणि सोमवारी काकूंनी तुम्हाला विचारलं होतं ना हो? तुम्ही म्हणालात ना, एक अक्षर नाही म्हणून? चार दिवस घरात आम्ही यांना खोटारडं म्हणतोय! मी स्वतः त्यांच्या घरी सगळ्यांसमोर म्हटलं, भावजी, माफी मागा. आत्ताच्या आत्ता फोन लावा काकूंना."

मी त्यांच्याच फोनवरून लावला. सगळं सांगितलं. काकूंनी आधी एवढंच म्हटलं, "शू! हळू बोल." मग म्हणाल्या, "मूर्खा, दीडशे घरांत कळलं तर मंडळ बंद करावं लागेल मला. त्याचा फॉर्म राहू दे, मी काही काढत नाही. पण बेव्हर्ली पार्कात तू तोंड उघडू नकोस. त्यांना मी सांगते, सॉफ्टवेअरची काहीतरी चूक झाली."

रिक्षात मी जुळवलेलं वाक्य काकूंना एका क्षणात सुचलं होतं. मी फोन ठेवून म्हटलं, "काकू तुमचा फॉर्म ठेवतायत."

"आणि तिच्या घरी?"

"काकू सांगतील. सॉफ्टवेअरची चूक होती म्हणून."

"सॉफ्टवेअरने तर नीट वाचलं," तो म्हणाला. "तुम्ही जा. मी येत नाही. मी आलो तर तुम्ही माझी माफी मागत बसाल, तिची राहून जाईल."

बेव्हर्ली पार्कात पोचलो तेव्हा संध्याकाळचे साडेसहा झाले असतील. खाली एक मिठाईचं दुकान होतं. पेढे घ्यावेत का, असा विचार माझ्या मनात आला होता हेही लिहून टाकतो. घेतले नाहीत.

वडिलांनी दार उघडलं. मंडळाकडून आलोय म्हटल्यावर त्यांनी मला बसवलं, पंखा लावला, "त्या माणसाचं काय केलंत? नाव काढलंत ना?" असं विचारलं. मुलगी नुकतीच ऑफिसातून आली होती, खांद्यावरची पर्ससुद्धा काढली नव्हती. मी उभा राहिलो आणि त्या दोघांना सगळं सांगितलं. ऑल्ट काय असतो ते सांगितलं, टायटलने तो कसा लपवला ते सांगितलं, काकूंना काय म्हणालो ते सांगितलं.

"नक्की काय लिहिलं होतं?" तिने विचारलं.

"नको," मी म्हटलं.

"त्याने वाचलं. तुम्ही लिहिलंत. मलाच तेवढं माहीत नाही."

मी सांगितलं. मोठ्याने म्हटल्यावर त्यात विनोद कुठे होता ते मला सापडेना. मी खरोखर शोधत होतो.

वडील उसळले. "लाज नाही वाटत? लोकांच्या मुलींची..." पुढे ते बरंच बोलले आणि एकही शब्द अनाठायी नव्हता. ती मधेच म्हणाली, "बाबा, थांबा जरा." मग मला विचारलं, "तिसरा फोटो, हे कसं माहीत तुम्हाला?"

"आधीचे दोन माझ्याकडे होते. बदलायला सांगितलं होतं तुमच्या घरून."

"पहिला मला आवडला होता," ती म्हणाली. "बाबा म्हणाले, यात तोंड मिटून नाही बसलीस. दुसऱ्यातही तेच म्हणाले."

वडील पंख्याकडे बघायला लागले.

तिने त्याचा नंबर मागितला. मी दिला. तिने उभ्यानेच फिरवला. मला ऐकू येत होती ती फक्त तिची बाजू.

"नमस्कार. बेव्हर्ली पार्कातून बोलतेय. तुम्ही रविवारी खरं बोलत होतात. ते इथे आलेत, त्यांनी सांगितलं... नाही, बाबाही आहेत इथे... नाही, तुम्ही कशाला माफी मागताय?" मग ती बराच वेळ ऐकत राहिली. "नाही. वाचलं याचा राग नव्हता आला मला. 'मला अडचण नाही' म्हणालात ना, त्याचा आला. अडचण असायला हवी होती आणि तुम्ही उदार झालात, असं वाटलं. तो राग अजून आहे." पुन्हा ऐकणं. "हो. तेही खरं." मग फोन घेऊन ती आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेली, वायर पुरेल तेवढी, आणि आमच्याकडे पाठ करून बोलत राहिली.

मी बसावं की निघावं हे मला कळेना. तिच्या आईने चहा आणून ठेवला. अपमान करून झाल्यावरही चहा देणारी घरं असतात, तो चहा गिळताना माणसाचं काय होतं ते मी सांगू शकत नाही. अर्धा पिऊन उठलो. वडिलांनी दार उघडून धरलं.

लग्न झालं का, असं हा प्रसंग सांगितला की सगळे विचारतात. त्या दोघांचं नाही झालं. ते आणखी एकदा भेटले, मग तिने नकार कळवला, स्वतः फोन करून, कारण देऊन. कारण काय ते त्याने मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

ऑल्ट मात्र मी पुन्हा लिहिले, त्याने सांगितलं म्हणून. नुसता नंबर वाचून मला काय कळणार, म्हणाला. मी एकेक वाक्य लिहून त्याला फोनवर वाचून दाखवायचो. 'साडीत, खुर्चीवर बसलेली, हसते आहे.' तो म्हणायचा, चालेल. 'रंग सावळा' लिहिलं तर म्हणाला, "हे मुलांच्या फोटोंना लिहिलंत का?" लिहिलं नव्हतं. खोडलं. जे काम मी दोन आठवड्यांत खिदळत केलं होतं, ते नीट करायला मला तीन महिने लागले.

राहिल्या त्या अकराजणी. त्याने त्यांचे क्रमांक मला दिले आणि काकूंच्या वहीत बघायला सांगितलं. मी रविवारी गेलो. काकू माझ्याशी बोलत नव्हत्या, वही फक्त पुढे सरकवली. अकरांपैकी सात जणींसमोर लाल शाईने 'ठरले' लिहिलेलं होतं.

घरी येऊन मी त्याला फोन केला आणि सांगितलं.

"सात?" तो म्हणाला. "बरं झालं त्यांचं." मग म्हणाला, "उरलेल्या चौघींचे क्रमांक सांगा, त्यांचं पुन्हा नीट वाचतो. सावकाश सांगा, मी लिहून घेतोय."

मी एकेक आकडा सांगत गेलो. प्रत्येक आकड्यानंतर तो थांबायचा आणि पलीकडून जाड कागदात सुई टोचल्याचा आवाज यायचा, टक, टक, टक. तो आवाज थांबेपर्यंत मला पुढचा आकडा सांगता येत नव्हता.